भारतसंहितेसाठी भिक्षा

पुणे येथील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात हस्तलिखितांची, पाठभेदांची आणि संपादकांच्या व्यासंगाची हकीकत विस्ताराने येते. ते योग्यच होय. परंतु त्या कार्याला लागलेले द्रव्य कोणी, कोणाजवळ आणि कशाच्या भरवशावर मागितले, ही हकीकत बहुधा आभाराच्या एका परिच्छेदात आटोपली जाते. विद्येच्या प्रांतात पैशाचे नाव काढणे कमीपणाचे, अशी एक समजूत सुशिक्षितांत रूढ झाली आहे. मठाच्या छायेत वाढलेल्या वाचकाला तसे वाटण्याचे कारण नाही. नंदादीपाच्या तेलापासून पाठशाळेतील विद्यार्थ्याच्या वर्षासनापर्यंत सारे काही कोणीतरी मागितले आणि कोणीतरी दिले म्हणूनच चालते, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. यतीने झोळी घेऊन दारात उभे राहण्यात उणेपणा नाही. झोळीत पडलेल्याचा विनियोग कसा झाला, ह्यावर त्या उभे राहण्याची योग्यता ठरते.

तथापि भिक्षेभिक्षेत फरक असतो. दीपमाळ उभारावयाची असेल तर दात्याला ती दाखविता येते. घाट बांधावयाचा असेल तर पायरीवर त्याचे नाव कोरता येते. अन्नसंतर्पणाची पंगत तर त्याच्या डोळ्यांदेखतच उठते. परंतु मलबारातील एका ताडपत्रावर अमुक चरणात ‘च’ च्या जागी ‘तु’ आहे, एवढे पाहून टिपून ठेवण्यासाठी द्रव्य हवे आहे, असे सांगत कोणाच्या दारात उभे राहावयाचे? आणि ह्याहूनही अवघड गोष्ट अशी की, हे सर्व करून जो ग्रंथ हाती येईल तो दात्याच्या आवडीचा असेल, असे आश्वासनही मागणाऱ्याला देता येत नव्हते. भक्तिभावाने पाठ केलेले कित्येक श्लोक त्यातून बाजूला काढले जाण्याचा संभव होता. असे असता द्रव्य मिळाले, आणि अर्धशतकाच्या आत एवढे प्रचंड कार्य तडीस गेले, ही गोष्ट अभ्यासण्याजोगी आहे.

पुण्यात विद्येसाठी द्रव्य देण्याची परंपरा जुनी होती. तळेगावच्या दाभाडे सेनापतींनी चालू केलेली आणि पुढे पेशव्यांनी पुण्यात वाढविलेली श्रावणमासातील दक्षिणा सर्वश्रुत आहे. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनसाहेबाने ती दक्षिणा एकदम बंद न करता तिचा काही भाग पाठशाळेकडे वळविला, आणि १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. त्याच पाठशाळेचे रूपांतर होत होत डेक्कन कॉलेज झाले. १८६६ पासून मुंबई सरकारने हस्तलिखितांचा शोध व संग्रह आरंभिला. ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर अशा विद्वानांनी गावोगाव फिरून, घरोघरच्या दप्तरांत बांधून ठेवलेल्या पोथ्या मिळविल्या, आणि तो संग्रह डेक्कन कॉलेजात ठेवण्यात आला. ज्यांच्या पूर्वजांनी त्या पोथ्या स्वहस्ते लिहिल्या होत्या, त्या घराण्यांची नावे फार थोड्या ठिकाणी नोंदली गेली आहेत. ह्या कथेतील पहिले दाते वस्तुतः तेच होत.

महाभारताची सर्व प्रांतांतील पोथ्या ताडून सिद्ध केलेली आवृत्ती असावी, ही कल्पना जाहीररीत्या प्रथम मांडली गेली ती मात्र युरोपात. मोरित्स विंटरनित्स ह्या पंडिताने १८९७ साली पॅरिस येथील प्राच्यविद्यापरिषदेत ती मांडली आणि १८९९ साली रोम येथील परिषदेत पुन्हा आग्रहाने पुढे आणली. १९०४ साली युरोपातील विद्यापीठतुल्य अकादमींच्या संघाने ती उचलून धरली. १९०८ साली ल्यूडर्स ह्यांनी आदिपर्वाच्या प्रारंभीच्या काही श्लोकांचा नमुना छापून दाखविला. तिकडे पैसा होता, विद्वान होते, राजाश्रय होता. तेथे ह्यापूर्वी अशी कामे झालीही होती. मॅक्सम्युल्लरची सायणभाष्यासह ऋग्वेदसंहिता ईस्ट इंडिया कंपनीच्या खर्चाने निघाली होती. तिची दुसरी आवृत्ती विजयनगरच्या महाराजांच्या द्रव्याने निघाली, हे इकडच्या लोकांना कमी ठाऊक असते. परंतु १९१४ साली महायुद्ध पेटले, आणि ज्या राष्ट्रांच्या अकादमी एकत्र बसून महाभारताचा विचार करीत होत्या ती राष्ट्रे एकमेकांवर तोफा डागू लागली. महाभारताची योजना त्या धुरात दिसेनाशी झाली. भाऊबंदकीच्या युद्धाचा ग्रंथ एका युद्धामुळेच अडावा, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

अशा वेळी, ६ जुलै १९१७ रोजी, सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांच्या ऐंशिव्या वाढदिवशी पुण्यात त्यांच्या नावाने संशोधन मंदिराची स्थापना झाली. भांडारकर मूळचे मालवणचे. संस्कृतविद्येत नव्या आणि जुन्या दोन्ही दृष्टींचा संगम ज्यांच्या ठायी झाला होता असे त्या पिढीतील अग्रगण्य पुरुष. त्यांनी आपला ग्रंथसंग्रह संस्थेस दिला. मुंबई सरकारने १९१८ साली डेक्कन कॉलेजातील हस्तलिखितसंग्रह, म्हणजे सतरा हजारांहून अधिक पोथ्या, संस्थेच्या स्वाधीन केल्या. पोथ्या आल्या तर त्यांना छप्पर हवे. मुख्य इमारतीसाठी सर दोराबजी टाटा आणि सर रतन टाटा ह्या बंधूंनी साठ हजार रुपये दिले. ह्या पारशी बंधूंना प्राचीन भारतीय विद्येविषयी आस्था आधीपासून होती. पाटणा येथे प्राचीन पाटलिपुत्राच्या उत्खननासाठी सर रतन टाटा ह्यांनी दरसाल वीस हजार रुपये देऊ केले होते, आणि त्या द्रव्यावर १९१३ पासून काही वर्षे तेथे काम चालले होते. सर रतन १९१८ च्या सप्टेंबरात निवर्तले. त्यांच्या पश्चात त्यांच्या संपत्तीचा धर्मादाय न्यास झाला, आणि पुढे १९३२ मध्ये सर दोराबजींचाही न्यास स्थापन झाला. खाजगी धनाचे रीतसर न्यासात रूपांतर करून, अर्ज घेऊन, हेतू पाहून देणगी द्यावयाची, ही पद्धत आपल्याकडे रुजविण्यात ह्या घराण्याचा वाटा मोठा आहे.

परंतु इमारतीसाठी देणगी मिळविणे हे तुलनेने सोपे काम. इमारत ही दीपमाळेच्या जातीची आहे. खरी कसोटी पुढेच होती.

१९१८ च्या जुलैमध्ये संस्थेच्या सभेत औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी महाभारताच्या चिकित्सक आणि सचित्र आवृत्तीची आवश्यकता प्रतिपादन केली, आणि त्या कार्यासाठी एक लक्ष रुपये देण्याचे वचन दिले. औंध हे संस्थान किती मोठे होते, हे ध्यानात घेतल्यावाचून ह्या वचनाचे मोल कळणार नाही. सातारा प्रांतात आणि त्याच्या आसपास तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले, पाचशे चौरस मैलांच्या आतबाहेरचे ते लहानसे राज्य. बडोदे किंवा म्हैसूर ह्यांच्याशी त्याची तुलनाही होऊ शकत नाही. त्या राज्याच्या धन्याने एक लक्ष रुपयांचा शब्द द्यावा, आणि तो देऊळ किंवा राजवाडा ह्यांसाठी न देता पाठभेदांसाठी द्यावा, हे साहसच होते. श्रीमंत स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते; त्यांनी चित्ररामायण सिद्ध करून १९१६ साली प्रसिद्ध केले होते. म्हणून महाभारताची आवृत्ती ‘सचित्र’ असावी, हा त्यांचा हट्ट. संस्थेने तो मान्य केला. दात्याची जी इच्छा ग्रंथाच्या सत्यतेला बाध आणीत नाही ती आनंदाने मान्य करावी, आणि जी बाध आणते तिला नम्रपणे नकार द्यावा, हा विवेक ह्या संस्थेने आरंभापासून दाखविला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. संस्थानिकांच्या औदार्याचे गोडवे गाताना त्या द्रव्याचा उगम कोठे होता, ह्याचा विसर पडतो. तो पैसा माणदेशासारख्या पाण्याला पारख्या झालेल्या मुलखात राबणाऱ्या रयतेच्या साऱ्यातून उभा राहिलेला होता. देणाराचे मन मोठे होते हे खरेच. पण ज्या शेतकऱ्याने महाभारत कीर्तनात ऐकले आणि डोळ्यांनी कधी वाचले नाही, त्याचाही हात ह्या आवृत्तीला लागलेला आहे.

वचन एक लक्षाचे, पण ती रक्कम एकदम हाती यावयाची नव्हती. दरसाल काही ठरावीक भाग यावयाचा होता. मठांच्या जुन्या भाषेत सांगावयाचे तर हे वर्षासनच होते. वर्षासनाचा गुण असा की, घेणाऱ्याला दरसाल दात्यासमोर उभे राहून झालेले काम दाखवावे लागते. त्याचा दोष असा की, ह्या वर्षी नेमलेला मनुष्य पुढच्या वर्षी ठेवता येईल की नाही, ही चिंता कधीच सुटत नाही. महाभारतासारख्या कामाला हा दोष फार जाचतो. पोथी वाचावयास शिकलेला, शारदा किंवा मल्याळम् लिपीत डोळा मुरलेला वाचक एकदा सोडून गेला तर त्याच्या जागी दुसरा सहज मिळत नाही.

१ एप्रिल १९१९ रोजी कार्याला प्रारंभ झाला. एक्याऐंशी वर्षांच्या भांडारकरांनी स्वहस्ते मंगलाचरणाचा श्लोक लिहून मुहूर्त केला. ना. बा. उटगीकर हे पहिले संपादक. त्यांनी विराटपर्वाची प्रायोगिक आवृत्ती सिद्ध केली. ती १९२३ साली छापून देशोदेशींच्या विद्वानांकडे मतासाठी धाडण्यात आली. चार वर्षांत अठरांपैकी एक लहानसे पर्व, आणि तेही प्रायोगिक! लक्षाचे वचन देणाऱ्याच्या मनात ह्या वेळी काय आले असेल? परंतु हा प्रयोग व्यर्थ गेला नाही. किती पोथ्या लागतील, किती माणसे लागतील, कोठे चुकण्याचा संभव आहे, हे त्यावरून कळले. सर्व अठरा पर्वांना किती काळ लागेल हे अजमावण्याचे माप हाती आले, आणि अर्थातच किती द्रव्य लागेल ह्याचेही.

भांडारकर १९२५ साली ऋषिपंचमीच्या दिवशी दिवंगत झाले. त्याच वर्षी डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर ह्यांनी प्रमुख संपादकपद स्वीकारले. केंब्रिजला गणित शिकलेला आणि बर्लिनमध्ये ल्यूडर्स ह्यांच्या हाताखाली संस्कृतात घडलेला हा पुरुष. ज्या ल्यूडर्सनी युरोपातील योजनेचा नमुना छापला होता, त्यांचाच शिष्य पुण्यातील योजनेच्या गादीवर बसला. गुरूच्या घरी अर्धवट राहिलेला यज्ञ शिष्याने आपल्या घरी पुरा करावा, तसे हे झाले.

सुखठणकरांच्या हाताखाली काम कसे चाले, हे सांगितल्यावाचून द्रव्य कशात जात होते ते समजणार नाही. प्रत्येक श्लोकासाठी एक स्वतंत्र कागद. त्या कागदावर चौकटी आखलेल्या. सर्वांत वर प्रचलित पाठ, एकेका चौकटीत एकेक अक्षर. हा प्रचलित पाठ म्हणजे बहुशः नीलकंठ चतुर्धर ह्यांनी स्वीकारलेला. त्याखाली एकेका ओळीत एकेक पोथी, आणि जेथे अक्षर भिन्न असेल तेथे ते भिन्न अक्षर त्याच चौकटीखाली. असे कागद श्लोकागणिक भरावयाचे, दुसऱ्याने तपासावयाचे, आणि मग संपादकापुढे ठेवावयाचे. एकट्या आदिपर्वाच्या निरनिराळ्या लिप्यांतील सुमारे २३५ पोथ्या ठाऊक होत्या. त्यांपैकी सुमारे सत्तर पूर्णतः वा अंशतः तपासल्या गेल्या, आणि सुमारे साठ प्रत्यक्ष उपयोगात आल्या. सर्व पोथ्या पुण्यात येणे शक्य नव्हते. म्हणून बंगाली पोथ्यांसाठी शांतिनिकेतनात विश्वभारतीमध्ये, आणि दाक्षिणात्य पोथ्यांसाठी तंजावर येथे सरस्वती महाल ग्रंथालयात केंद्रे चालविली गेली. तंजावरच्या ज्या भोसले राजांनी तो ग्रंथसंग्रह वाढविला, त्यांच्या पदरी मराठी बोलणारी मंडळी शतकानुशतके नांदली. त्यांच्या दूरदृष्टीचे फळ असे पुण्याच्या कामी आले.

नीलकंठांविषयी दोन शब्द येथे अप्रस्तुत होणार नाहीत. ते गोदातीरीच्या कोपरगावचे. सतराव्या शतकात काशीला राहून त्यांनी भारतभावदीप ही टीका लिहिली. नाना देशांतील पोथ्या मिळवून त्यांतून उत्तम पाठ निवडल्याचे त्यांनी आपल्या टीकेच्या आरंभीच नमूद केले आहे. म्हणजे पोथ्या ताडून पाहणे ही काही परदेशातून आलेली खटपट नव्हे. जे नीलकंठांनी एकट्याने, हाती लागतील तेवढ्या पोथ्यांवर केले, तेच पुण्याने संघशक्तीने आणि नियम बांधून केले.

१९२७ साली आदिपर्वाचा पहिला खंड छापून बाहेर पडला, आणि संस्थेच्या याचनेचे स्वरूपच पालटले. आता दात्यापुढे ठेवावयास हाती काही होते. सुखठणकरांनी पूर्ण ग्रंथाची वाट न पाहता खंडाखंडाने प्रकाशन केले, ह्यात विद्वत्तेइतकेच व्यवहारचातुर्यही दिसते. प्रत्येक खंड हा विद्वानांपुढे टीकेसाठी ठेवलेला ग्रंथभाग तर होताच, शिवाय तो दात्यापुढे ठेवलेला हिशेबही होता. पानाच्या वरच्या भागात स्वीकृत पाठ आणि खाली बारीक अक्षरांत प्रत्येक पोथीची साक्ष. एकेक पान पाहिले म्हणजे पैसा कोठे गेला हे निराळे सांगावे लागत नसे. निरनिराळ्या सरकारांनी, संस्थानांनी, मुंबई विद्यापीठाने साहाय्य केले, ते ह्या खंडांच्या बळावर.

देणगीला अट असावी की नसावी, ह्याविषयी त्या काळी निरनिराळे विचार होते. बडोद्याचे सयाजीराव महाराज ह्यांची रीत ह्या बाबतीत मासलेवाईक आहे. गोव्यातील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी पाली विद्येचे अध्ययन करून परतले, तेव्हा महाराजांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अट एवढीच की, महाराष्ट्रातील कोणत्याही गावी राहावे आणि वर्षातून एक ग्रंथ लिहून द्यावा. ग्रंथात काय लिहावे, ह्याविषयी अट नव्हती. कोसंबींनी कलकत्त्यातील अधिक वेतनाचे काम सोडून हे पन्नास रुपये पत्करले. दात्याने काळाची आणि स्थळाची अट घालावी, सिद्धान्ताची घालू नये, हे तत्त्व फार थोड्या धनिकांना उमजते. महाभारताच्या दात्यांपैकी ज्यांची माहिती आहे, त्यांना ते उमजले होते असे म्हणावे लागते.

हैदराबादचे उदाहरण तर वाचनीय आहे. १९३२ साली संस्थेने सातवे निजाम मीर उस्मान अली खान ह्यांच्याकडे साहाय्याची मागणी केली. फर्मान निघाले, आणि महाभारताच्या प्रकाशनासाठी दरसाल एक हजार रुपये, अकरा वर्षांपर्यंत, मंजूर झाले. शिवाय बाहेरून येणाऱ्या अभ्यासकांच्या निवासासाठी अतिथिगृहाकरिता निराळी रक्कम देण्यात आली; ते निजाम अतिथिगृह ह्याच नावाने संस्थेच्या आवारात उभे आहे. पारशी बंधूंच्या पैशाने उभारलेल्या वास्तूत, सरकारने दिलेल्या पोथ्यांवरून, देशस्थ ब्राह्मण संस्थानिकाच्या वर्षासनावर सिद्ध होणाऱ्या भारतसंहितेला मुसलमान नरेशाचे फर्मान मिळावे, आणि कोणालाही त्यात वावगे वाटू नये, असा तो काळ होता. हैदराबाद राज्याच्या राजकारणाविषयी तेथील मराठी मंडळींचे अनुभव कटू होते, आणि पुढे ते अधिकच कटू झाले, ही गोष्ट कोणी नाकारीत नाही. तरीही हे फर्मान इतिहासात नोंदलेले आहे, आणि ते पुसून टाकण्याचे कारण नाही.

१९३३ साली आदिपर्व पूर्ण झाले. सुखठणकरांनी त्याला जी विस्तृत प्रस्तावना जोडली ती पाठचिकित्सेच्या शास्त्रात आजही प्रमाण मानली जाते. आणि ह्याच ठिकाणी श्रद्धावंतांच्या मनाला धक्का देणारी गोष्ट घडली. व्यासांनी सांगावे आणि श्रीगणेशांनी लिहावे, ही कथा कोणा मराठी बालकाला ठाऊक नाही? ती कथा स्वीकृत पाठात आढळेना. अनेक महत्त्वाच्या आणि जुन्या परंपरेच्या पोथ्यांत ती नव्हतीच. विंटरनित्सने दाक्षिणात्य पोथ्यांत ती नसल्याचे १८९८ सालीच दाखविले होते. सुखठणकरांनी ती परिशिष्टात नेली. पुढे १९४४ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाचे फ्रँक्लिन एजर्टन ह्यांनी संपादिलेले सभापर्व निघाले; त्यात वस्त्रहरणाच्या प्रसंगी द्रौपदीने श्रीकृष्णाचा धावा केल्याचे श्लोक मूळ पाठात नव्हते. वस्त्रे येत राहतात; धावा मात्र तळटीपेत गेला.

ज्या संस्थेला दरसाल दारोदार जावयाचे आहे, तिने असे करणे म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणे होय, असे व्यवहारी मनुष्य म्हणेल. गणेशाची कथा मुख्य पाठात ठेवली असती तर कोणता अनर्थ झाला असता? एक छोटीशी सवलत, आणि सहस्रावधी भाविकांचे समाधान! परंतु एका ठिकाणी श्रद्धेसाठी पोथ्यांची साक्ष डावलली म्हणजे दुसऱ्या ठिकाणी ती का मानावी, ह्याला उत्तर राहत नाही. ज्याने न्यायाधीशाच्या आसनावर बसावयाचे, त्याने आपल्या आवडत्या साक्षीदाराला निराळे माप लावता कामा नये. औंधचे श्रीमंत स्वतः भाविक, कीर्तनरंगी रंगणारे. संपादकाने स्वीकृत केलेला पाठच त्यांच्या द्रव्यावर छापला गेला. दानाचे शास्त्र ज्यांना समजते त्यांना ह्यात किती मोठी गोष्ट आहे हे सांगावयास नको. दान दिल्यावर त्यावरचे स्वत्व सोडावयाचे असते, आणि त्या स्वत्वात दात्याची आवडनिवडही येते.

भाविकांच्या समाधानासाठी एक गोष्ट येथे स्पष्ट करणे अवश्य आहे, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहे. ह्या आवृत्तीत पोथ्यांतून मिळालेला श्लोक फेकून दिलेला नाही. जो मुख्य पाठात बसला नाही तो पानाच्या तळाशी तारकाचिन्हाने छापला आहे, किंवा लांब असल्यास परिशिष्टात दिला आहे. गणेशाची कथा तेथे आहे. धाव्याचे श्लोकही आहेत. सुखठणकरांनी आपण व्यासांची मूळ संहिता शोधून काढली असा दावा केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या साक्षीने जितके मागे जाता येते तितके जाणे, एवढेच त्यांनी आपले काम मानले. पूजेत, पारायणात, कीर्तनात कोणता पाठ चालवावा, हा त्यांचा प्रश्नच नव्हता.

दुसरे महायुद्ध आले. पहिल्या युद्धाने युरोपातील योजना बंद पाडली होती. दुसऱ्याने पुण्यातील बंद पडली नाही. १९४० साली सुशीलकुमार डे ह्यांनी संपादिलेले उद्योगपर्व निघाले, १९४२ साली सुखठणकरांचे आरण्यकपर्व. महाभारताच्या अर्थाविषयी मुंबई विद्यापीठात चार व्याख्याने देण्याचे सुखठणकरांनी पत्करले होते. तीन झाली, आणि २१ जानेवारी १९४३ रोजी ते निवर्तले. चौथे द्यावयाचे राहिले. डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर ह्यांनी संपादकपदाची धुरा घेतली. शांतिपर्वासारखे अवाढव्य पर्व त्यांच्या हातून पार पडले. १९६१ पासून डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य आले.

ह्या सर्व काळात मागण्याचे काम ज्यांच्यावर पडले ते डॉ. रामचंद्र नारायण दांडेकर १९३९ साली संस्थेचे मानद चिटणीस झाले आणि १९९४ पर्यंत त्या पदावर होते. शल्यपर्व आणि अनुशासनपर्व ही त्यांनी संपादिली. सकाळी पाठभेद निवडावयाचे आणि दुपारी अनुदानासाठी पत्रे लिहावयाची, असे आयुष्य किती विद्वानांना मानवले असते? १९४८ च्या मार्चात औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. एकामागून एक संस्थाने गेली आणि त्यांच्याबरोबर वर्षासनांची ती जुनी व्यवस्थाही गेली. ज्या दारांत भिक्षा मागण्याची सवय होती ती दारेच राहिली नाहीत. मध्यवर्ती आणि प्रांतिक सरकारांच्या अनुदानावर मग कामाचा भार येऊन पडला. राजाच्या मुखातील शब्दाची जागा मंत्रालयाच्या कागदाने घेतली. शब्दाला मुहूर्त लागत असे, कागदाला अंदाजपत्रक लागते. परंतु काम थांबले नाही.

अखेर १९६६ साली अनुशासनपर्वाबरोबर अठरा पर्वे संपूर्ण झाली. एकोणीस ग्रंथ, सुमारे तेरा हजार पाने, आणि त्यांच्या मागे ताडून पाहिलेल्या १,२५९ पोथ्या. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन् ह्यांच्या हस्ते समारंभपूर्वक ह्या पूर्तीची घोषणा झाली. १९१८ च्या सभेत लक्ष रुपयांचा शब्द देणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पंधरा वर्षांपूर्वीच, १९५१ साली, निवर्तले होते. सर दोराबजी टाटा १९३२ मध्ये गेले. आरंभापासून संस्थेशी निगडित असलेल्यांपैकी बेलवलकर हयात होते. तेही पुढच्याच वर्षी गेले.

समारंभ झाला तरी हिशेबाची वही मिटली नव्हती. खिलपर्व हरिवंश अजून छापावयाचे होते. वैद्यांनी त्याचे संपादन केले, आणि ते १९६९ ते १९७१ ह्या काळात प्रसिद्ध झाले.